कच्चे मडके

चित्रकलेच्या मास्तराला शाळेत दोन कामे असतात. एक, स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवणे. आणि दुसरे, जे कोणी शिक्षक त्या दिवशी आलेले नसतील त्यांच्या वर्गावर जाऊन बसणे. चित्रकला शिकवणे हे तिसरे काम. ते वेळ उरला तर करायचे. गणिताचे सर लग्नाला गेले की मी गणिताच्या तासाला, इंग्रजीच्या बाई रजेवर गेल्या की मी इंग्रजीच्या तासाला. मोटारीच्या मागे एक जादा चाक टांगलेले असते ना, तसे. बाकीची चारही चाके धड असली की त्याची कोणाला आठवण होत नाही.

या उसन्या तासांचे करायचे काय, असा प्रश्न मला पहिली काही वर्षे पडलाच नाही. मुलांनी गप्प बसायचे आणि मी माझ्या वहीत खरडायचे, असा आमचा अलिखित करार होता. माझ्या दोन कादंबऱ्या अशा बदलीच्या तासांतच लिहून झाल्या. पहिली गावात कोणी वाचली नाही. दुसरी ज्यांनी वाचली ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. तेव्हा साहित्यसेवेचा सोस थोडा कमी झाला होता, आणि त्याच सुमारास ती किटलीची गोष्ट घडली.

वस्तुचित्राचा तास होता. वर्गाच्या मधोमध टेबलावर शिपायाची चहाची किटली ठेवली होती आणि नववीची मुले तिच्या भोवताली गोल बसून चित्र काढीत होती. एकाएकी एका कोपऱ्यात हशा पिकला. एका मुलाने किटली काढली होती, पण तिला तोटीच नव्हती.

"मला दिसत नाही, तर का काढू?" तो म्हणाला. तो बसला होता तिथून तोटी खरोखरच दिसत नव्हती.

"पण आहे ना तिला!" शेजारचा.

"आहे हे तुला माहीत आहे. दिसते का ते सांग."

चित्रकलेचा मास्तर म्हणून मी एका वाक्यात भांडण मिटवायला हवे होते. 'दिसते तेवढेच काढा' हा आमच्या शास्त्राचा पहिला धडा आहे. पण त्या दिवशी का कोण जाणे, मी बोललो नाही. आणि मग मागून एका मुलीचा आवाज आला, "सर, ज्यानं किटली जन्मात बघितली नाही त्याला हे चित्र दाखवलं, तर तो म्हणेल ह्यातनं चहा ओतता येत नाही. मग ह्यानं खरं काढलं का खोटं?"

घंटा झाली तरी मुले उठली नाहीत. जे खरे आहे तेवढेच सांगूनही ऐकणाऱ्याला फसवता येते का, यावर नववीचा वर्ग मधली सुटी बुडवून भांडत होता! दुसऱ्या दिवशी भूगोलाचे सर आले नव्हते. मी वर्गात पाऊल टाकले मात्र, पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "सर, कालचं चालू करायचं?"

तेव्हापासून बदलीच्या तासाला मी वही नेली नाही. मुलांनीच त्या तासाचे बारसे केले. 'का'चा तास.

'तत्त्वज्ञान' हा शब्द मी वर्गात एकदाही उच्चारलेला नाही. उच्चारायला मला तोंडही नाही. जुन्या हिशेबाने मी मॅट्रिक. त्यावर चित्रकलेची पदविका, बस्स. आपल्याकडे तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे विषय भेटतात ते अकरावीला, तेही कला शाखेला गेले आणि कॉलेजात ते असले तर. त्याच्या अलीकडची मुले म्हणजे विचार करण्याच्या वयाची नव्हेत, असा एकंदर समज. फ्रान्समध्ये शाळा सोडताना मुलांना तत्त्वज्ञानाचा चार तासांचा पेपर लिहावा लागतो, हे मी कुठेसे वाचले तेव्हा शिक्षकांच्या खोलीत मोठ्या कौतुकाने सांगितले. त्यावर आमचे एक सहकारी म्हणाले, "चार तास? सुपरव्हिजन कोण करतो?"

पण डिगरीचे म्हणाल तर मला एका गोष्टीचा धीर वाटतो. साऱ्या मराठवाड्याला वाद घालायला ज्यांनी शिकवले ते नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत नापास होत राहिले होते, आणि कॉलेजात जाण्यापूर्वी नांदेडच्या एका शाळेत साधे मास्तर होते. त्यांची नि माझी बरोबरी नाही, हे मला कळते. नापास होण्यापुरते साम्य आहे.

दुसरा धीर दिला तो मॅथ्यू लिपमन या अमेरिकन गृहस्थाने. हा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तर्कशास्त्र शिकवीत असे. शिकवता शिकवता त्याच्या ध्यानात आले की, आपल्यापुढे बसलेल्या थोराड मुलांना आता हे शिकवून फारसा उपयोग नाही. ज्या वयात शिकवायला हवे होते ते मागेच गेले. मग त्याने काय करावे? मुलांसाठी चक्क कादंबरी लिहिली! पुढे १९७४ साली न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरच्या कॉलेजात त्याने मुलांच्या तत्त्वज्ञानासाठी एक संस्थाच काढली. त्या कादंबरीतला हॅरी नावाचा मुलगा वर्गात आपल्या तंद्रीत असतो. मास्तर विचारतात, लांब शेपटी असलेले आणि सत्त्याहत्तर वर्षांनी सूर्याभोवती एक फेरी घालणारे काय? हॅरीला आठवते, सारे ग्रह सूर्याभोवती फिरतात. म्हणून तो ठोकून देतो, ग्रह! वर्ग हसतो. बिचारा शाळा सुटल्यावर विचार करीत बसतो आणि त्याला उमगते की, 'सारे ग्रह सूर्याभोवती फिरतात' हे वाक्य खरे असले तरी ते उलटे करता येत नाही. धूमकेतूही फिरतोच की.

ही गोष्ट मी नववीला सांगितली आणि पुढचे आठ दिवस गावात कोणाचे वाक्य सरळ राहू दिले नाही पोरांनी. सगळे उंट चौपायी, सगळे चौपायी उंट नाहीत. सगळे पुढारी पांढरे कपडे घालतात. आता उलटे करा पाहू! एकाने तर घरी बापालाच पकडले. बाप म्हणाला होता, "जे शिकले नाहीत ते शेतात राबतात." मुलगा म्हणाला, "तुम्ही शेतात राबता म्हणून तुम्ही शिकला नाहीत असं कुठाय? तुम्ही तर बी. ए. आहात." बापाने मला रस्त्यात गाठून हे सांगितले. तो हसत होता, पण डोळे हसत नव्हते.

हे सारे गमतीचे होते तोवर कोणाची हरकत नव्हती. मुख्याध्यापकांचीही नव्हती. शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत जी दहा मूल्ये लिहिली आहेत त्यांत 'वैज्ञानिक दृष्टिकोन' हे मूल्य आहेच. अक्षरे मीच रंगवलेली आहेत.

पुढे एकदा मी मुलांना घरचा अभ्यास दिला. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या या पट्ट्यात म्हाताऱ्या माणसांचे कालमापन दोनच भागांत असते. भूकंपाच्या आधी आणि भूकंपाच्या नंतर. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक गाढ झोपलेले आणि पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारी हे नाव जगभर गेले, पण इकडे सास्तूर आणि आजूबाजूची गावेही तशीच बसली. लातूर-धाराशिव मिळून ५२ गावे पार जमीनदोस्त झाली. मी मुलांना म्हटले, घरी विचारून या, भूकंप का झाला?

दुसऱ्या दिवशी फळा भरला. माणसांचे पाप वाढले म्हणून. शेषाने डोके हलवले म्हणून. माकणीच्या धरणात पाणी अडवले म्हणून. बोअर फार पाडले म्हणून. जमिनीखाली खडकात भेग आहे म्हणून. मी खाली लिहिले, 'यांतले काय तपासून पाहता येईल?' आणि खडू ठेवून दिला.

एक मुलगा उठला. त्याची आजी तेव्हा गावाबाहेर कुडाच्या झोपडीत राहत होती. झोपडी हलली, कलंडली, पण कोणाला खरचटले नाही. आणि गावातला वाडा मात्र आतल्या माणसांसकट बसला. "पापानं झालं असतं, तर गरिबाची झोपडी राहिली म्हणजे गरीब पुण्यवान?"

"मोठ्या लोकांचं पाप मोठं असतंय," कोणीतरी म्हणाले. वर्ग हसला.

"वाड्यात गडीमाणसं पण झोपली होती," मुलगा म्हणाला. वर्गाचे हसणे थांबले.

मग आम्ही त्या वाड्याचे चित्र काढले. चित्रकला कुठेतरी उपयोगी पडतेच. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, मोठाले दगड, सांध्यात चुना नाही, नुसती माती. वर माळवद, उन्हाळ्यात गार राहावे म्हणून दरसाल नवी माती टाकून जड झालेले. जितके घर मातब्बर, तितके डोक्यावर ओझे अधिक. मारले ते भिंतींनी आणि माळवदांनी. जमीन फक्त हलली होती. हे मुलांना पटले, आणि मग एकाने विचारले की शहाण्या माणसांना आधी का कळले नाही? त्यालाही उत्तर होते. देशाच्या भूकंपाच्या नकाशात आमचा भाग सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवला होता. भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी आपले चुकले हे मान्य केले आणि २००२ साली नकाशा बदलला. "म्हणजे ते पण चुकतात?" चुकतात. "मग त्यांच्यात आणि शेषवाल्यांत फरक काय?" मी म्हटले, तुम्हीच सांगा. पाठीमागून उत्तर आले, "त्यांनी नकाशा खोडला."

एवढे सांगून मी पुढे जायला हवे. पण हा अभ्यास मी मुलांना का दिला, ते सांगितल्यावाचून पुढचे कळायचे नाही.

भूकंप झाला तेव्हा मी आठवीत होतो. आमच्या माळवदाखाली माझी चुलत बहीण गेली. चार वर्षांची होती. मी तिच्या पलीकडे झोपलो होतो. मधे लाकडाचा खांब होता, तो माझ्या बाजूला टेकून राहिला. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये शाळा सुरू झाली. एक दिवस आमचे एक शिक्षक सांगू लागले की, लोक पापी झाले, देवधर्म सुटला, म्हणून हा कोप झाला. मी उभा राहिलो. मला कोणाला अडचणीत आणायचे नव्हते. मला खरोखर हवे होते ते उत्तर. मी म्हटले, "गुरुजी, आमच्या बेबीनं काय पाप केलं होतं?"

त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. "बस खाली," म्हणाले.

आता या वयात मला त्यांचा राग येत नाही. त्यांच्याही घरात कोणी गेले असेल. त्या काळात कोणाचे गेले नव्हते? कदाचित ते स्वतःलाच काही समजावीत असतील आणि मी नेमके दुखरे बोट दाबले असेल. पण मी पुढे वर्गात प्रश्न विचारला नाही. दहावीपर्यंत नाही.

माळवद का पडले याचे उत्तर मला यथावकाश मिळाले. खांब तिच्या बाजूला न टेकता माझ्या बाजूला का टेकला, हा प्रश्न मात्र त्या उत्तराने सुटत नाही. तो मी कधी वर्गात काढला नाही. काढायला हवा होता, असे कधी कधी वाटते.

असो. गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळीच्या आधी महिनाभर. आमच्या शाळेपासून तेर फार दूर नाही. एसटीने तासाभराची वाट. तेरणेच्या काठी गोरोबाकाकांची समाधी आहे, आणि आमच्याकडे काका म्हटले की ते एकच. तेव्हा 'का'च्या तासाला काका येणार हे ठरलेलेच होते. मडक्यांच्या परीक्षेची कथा मी काढली. वाचकांना ती ठाऊक आहेच. संतांचा मेळा काकांच्या घरी जमला. मुक्ताबाईने थापटण्याकडे बोट दाखवून विचारले, हे काय? काका म्हणाले, याने मडके पक्के की कच्चे ते कळते. मग आमची मडकी पाहा की! काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत नेले. सारे गप्प राहिले. नामदेवांना मात्र ते सोसले नाही. ते रागावले, बोलले. काकांनी निकाल दिला, हे एक मडके कच्चे. नामदेव तसेच उठले आणि पुढे औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले.

मी विचारले, ही परीक्षा बरोबर होती का?

हॅरीची कृपा! शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी वर्षातून दोनदा बोलतो, तो उठला. "सर, पक्का माणूस मार खाऊन गप्प बसतो, हे मान्य. पण गप्प बसला तो पक्का, असं कसं? आम्ही तर सगळ्या तासांना गप्पच असतो."

मला इतका आनंद झाला की मी त्याला खडूचा आख्खा डबा बक्षीस दिला. डबा शाळेचा होता.

इथे थांबायला हवे होते. पण यश डोक्यात गेले की माणूस थांबत नाही. पुढच्या शनिवारी मी काकांची दुसरी कथा काढली, चिखल तुडवण्याची. बायको पाण्याला गेली, तान्हे पोर काकांपाशी; काका नामात रंगून माती तुडवताहेत, पोर रांगत चिखलात येते. पुढचे लिहीत नाही. शेवटी विठ्ठल ते पोर परत देतो, हेही सर्वांना माहीत आहे. त्या दिवशी वर्गात मागे संस्थेचे एक वजनदार सभासद येऊन बसले होते. नवा उपक्रम पाहायला म्हणून आले होते. हेडमास्तरांनी मोठ्या अभिमानाने आणले होते.

वर्गात एक मुलगी आहे, कुंभाराची. किटलीचे चित्र खरे की खोटे हे विचारणारी तीच. ती उभी राहिली.

"सर, आमच्यात माती आई तुडवते. तेव्हा धाकट्याला मी धरून बसते. आई सांगूनच पाय घालते, पोराकडं बघ म्हणून. त्या दिवशी ती बाई पण पोर काकांच्या हवाली करून गेली होती. मग चूक काकांची नाही का?"

वर्ग चिडीचूप. ती काही बंड करीत नव्हती. घरच्या कामाची गोष्ट विचारावी तशी विचारीत होती.

"ते देवाचं नाव घेत होते म्हणून चूक नाही, असं असंल, तर मी अभ्यास करत असताना धाकटा चिखलात गेला तर मला मार का?"

मी मागे पाहिले. सभासदांनी हाताची घडी घातली होती. हेडमास्तर खिडकीबाहेर पाहत होते. आणि माझ्या तोंडून शब्द गेले,

"बस खाली. संतांबद्दल असं बोलू नये."

ती बसली. खडूच्या फळीवर टेकलेला माझा हात मला दिसत होता, एवढेच आठवते. तास कसा संपला ते सांगता येणार नाही. सभासद जाताना म्हणाले, "छान आहे उपक्रम. फक्त जरा जपून." हेडमास्तर भले गृहस्थ आहेत, त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. त्यांना वाटले, मी प्रसंग उत्तम निभावला.

पुढे दोन-तीन आठवडे 'का'चा तास झाला, म्हणजे घड्याळात झाला. मुले माझ्या तोंडाकडे पाहत आणि मला जे हवे असेल असे त्यांना वाटे ते उत्तर देत. ती मुलगी खाली मान घालून पणत्यांवरची नक्षी वहीत काढीत असे. मी रागावून बोललो असतो तर कदाचित मुलांनी मनाला लावून घेतले नसते, मास्तर रागावतातच. पण मी घाबरलो होतो, आणि ते त्यांनी पाहिले होते.

दिवाळीच्या चार दिवस आधी मी कुंभारवाड्यात गेलो. अंगणभर पणत्या वाळत घातल्या होत्या, लक्ष्मीपूजनाची बोळकी एका बाजूला रचली होती. मुलगी उकिडवी बसून ओल्या पणत्यांना वातीची चिमट काढीत होती. मला पाहून आत गेली. तिचा आजा ओट्यावर होता.

"तक्रार घेऊन आलाव का मास्तर? आमची पोर लई बोलती, ठाऊक हाय."

"नाही आबा. मीच चुकलो म्हणून आलोय." आणि मी सगळे सांगितले. अंगणात मुद्दाम जरा मोठ्याने सांगितले, आतपर्यंत जावे म्हणून.

म्हाताऱ्याने ऐकून घेतले. त्या प्रश्नाबद्दल बरे-वाईट काहीच बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "ती मडक्याची गोष्ट सांगितलाव म्हनं वर्गात. थापटणं कधी हातात घेतलंय का?"

मी नाही म्हटले. त्याने आढ्याला खोचलेले थापटणे काढून माझ्या हातात दिले. लाकडाची चपटी फळी, मुठीपाशी घासून गुळगुळीत झालेली. मला वाटले होते त्याहून जड.

"आव्यातनं निघाल्यालं मडकं ह्यानं ठोकलं तर काय ऱ्हाईल? खापऱ्या. पक्कं बघायचं तर टिचकी मारायची, असं." त्याने शेजारच्या माठाला टिचकी मारली, माठ खणखणला. "थापटणं कच्च्यालाच असतंय. चाकावरनं उतरलं, निम्मं सुकलं, की मग. आतनं दगडाचा गोळा धरायचा आन् बाहीरनं हाणायचं. तवा कुठं पोट धरतंय. आतला हात काढून हाणाल, तर भोक पडंल."

मी थक्क झालो. इतकी वर्षे ही कथा ऐकली, कीर्तनांतून ऐकली, स्वतः सांगितली. पण कुंभार पक्की मडकी थापटण्याने तपासीत नाही, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. काकांना तर ते ठाऊक असणारच! माझ्यातला कादंबरीकार जागा झाला. म्हणजे काकांनी निकाल द्यायला नव्हे, घडवायलाच थापटणे उचलले असेल? नामदेव नापास झाले नव्हते, तर त्यांचे काम तेवढे पुढे चालणार होते? मी उत्साहाने विचारले, "मग आबा, काकांनी टिचकी न मारता थापटणं कशाला घेतलं असेल?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे नवल केल्यासारखे पाहिले.

"ते मला काय म्हाईत? मी का तिथं होतो?"

सुटीनंतर पहिल्याच तासाला मी वर्गासमोर सांगितले की त्या शनिवारी मी चुकलो. प्रश्न चांगला होता, मला उत्तर येत नव्हते आणि मी भ्यालो होतो. मग त्या मुलीला म्हटले, "पुन्हा विचारतेस का?"

"विसरले, सर," ती म्हणाली. ती विसरली नव्हती. हे तिला माहीत होते, मला माहीत होते, वर्गाला माहीत होते.

आजोबांनी सांगितलेली थापटण्याची गोष्ट मी वर्गाला सांगितली. कच्चे मडकेच घडवता येते, असे मी जरा रंगवून म्हणालो. मुलांना ते आवडले, पण खडूचा डबा मिळवणारा उठलाच, "मग बाकीचे सगळे संत पक्के होते, म्हणजे त्यांना आता काहीच शिकवता येणार नव्हतं?" मी मनात म्हटले, चला, निदान एक मडके वाजते आहे. ती मात्र गप्पच.

डिसेंबरात आम्ही नववीची सहल तेरला नेली. गोरोबाकाकांच्या समाधीपुढे मुले रांगेने नमस्कार करून पुढे गेली. ती मुलगी सगळ्यांत जास्त वेळ हात जोडून उभी होती. मी पाहिले, आणि पाहिले नाही असे केले.

तिथून आम्ही वस्तुसंग्रहालयात गेलो. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडलेल्या जुन्या वस्तू जन्मभर गोळा केल्या, त्यांतून हे उभे राहिले. तेर म्हणजे जुने तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक प्रवासग्रंथात त्याचे नाव आहे. इथला माल पैठणच्या मालाबरोबर भडोचच्या बंदरात जाई आणि तिथून समुद्रापार. हस्तिदंताची एक बाहुली तिथे आहे. तशाच घडणीची एक इटलीत पाँपेईच्या राखेखाली मिळाली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीने गाडलेले ते गाव, हे सांगताच भूकंपाच्या अभ्यासाची आठवण होऊन दोघा-तिघांनी एकदम विचारले, तिथल्या लोकांनी काय पाप केलं म्हणत असतील? पहारेकऱ्याने आम्हाला हळू बोलायला सांगितले.

मातीच्या भांड्यांच्या कपाटापाशी ती थांबली होती. बाकीची मुले पुढे गेली तरी ती काचेला नाक लावून एका मडक्याच्या पोटाकडे बघत होती. मग मागे वळून तिने पहारेकऱ्याला विचारले, "काका, ह्याला कुणी वाजवून बघितलंय का?"

"हात लावायचा नाही," पहारेकरी म्हणाला.

"मग पक्कं आहे हे कशावरून?"

पहारेकऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी दुसऱ्या कपाटाकडे पाहू लागलो. तोवर खडूवाला पळत मागे आला होता.

"दोन हजार वर्षं टिकलंय. पक्कंच असणार."

"आणि जी फुटली ती? ती का कच्ची होती?"

"फुटली म्हणजे कच्चीच."

"आमच्या घरी ये. पक्कं मडकं फोडून दाखवते."

आता आणखी पाच-सहा जण गोळा झाले. कोणीतरी काकांच्या परीक्षेचे नाव काढले, कोणीतरी त्या चिखलाच्या गोष्टीचेही, आणि ती म्हणाली, "थांब, त्याचं मी नंतर विचारणार आहे." मी घड्याळ पाहिले. एसटी सुटायला पंधरा मिनिटे होती आणि स्टँड लांब होते. हेडमास्तर दारातून हाका मारीत होते. पहारेकऱ्याने स्टूल ओढून घेतले आणि तोही ऐकत बसला.